सूर जुळवून बाहेर या

प्रिय दादा,

गुरुवारी सकाळी माझ्या लेकाला, आपल्या फौजदाराला, चौकशी समितीसमोर जायचं आहे. शाळेच्या मोठ्या बाईंनी आज दुपारी स्वतः फोन करून हे नक्की केलं. त्या मुलीचं म्हणणं समितीने मागच्या आठवड्यातच ऐकून घेतलंय, आता याची पाळी. 'थोडी कळ काढ, आपोआप थंड होईल,' असं तू म्हणाला होतास. थंड काही झालेलं नाही. झालेत ते माझे हातपाय.

हे मी दवाखान्यात बसून लिहितेय, कान तपासायच्या त्या काचेच्या खोलीत. पुढचा पेशंट यायला अजून वेळ आहे. आठवतं, तू एकदा हट्टाने इथे बसला होतास आणि लगेच बाहेर आला होतास, 'इथे माणसाला स्वतःचंच पोट ऐकू येतं' म्हणत? खरंच आहे ते. दार लावलं की बाहेरचं काहीच उरत नाही, आपल्या छातीतली धडधड तेवढी राहते. आज मी दार उघडंच ठेवलंय. बंद खोलीत मला सध्या बसवत नाही. फोनवर हे सगळं सांगायला गेले की तू मध्येच तोडतोस, 'भागूबाई, घाबरतेस कशाला, मी आहे ना.' मग माझं बोलणं तिथेच संपतं. कागद मध्ये बोलत नाही, म्हणून पत्र.

तू आहेस हे मी कधी विसरले नाही. बाबा गेले तेव्हा तुला जेमतेम मिसरूड फुटलं होतं, आणि त्या दिवसापासून घरातला फोन तुझ्या हातात आला. नळाला पाणी नाही, लाव फोन. आईच्या ऑपरेशनची तारीख मिळत नाही, लाव फोन. आई म्हणायचीच, 'आधी दादाला सांगा, मग देवाला.' माझं हे कान तपासायचं मशीन बंदरात अडकून पडलं होतं तेव्हा तू कुणाशी काय बोललास देव जाणे, दुसऱ्या दिवशी दोन माणसं ते खांद्यावर घेऊन दारात हजर. आणि हे गेल्यावर, मला काही सुचत नव्हतं तेव्हा, फौजदाराला या शाळेत घातलं तेही तूच. त्याचे मामा आणि बाबा दोन्ही तू झालास. हे सगळं मला कबूल आहे, आणि पुढचं वाचताना ते तूही लक्षात ठेव.

फौजदार हे नाव तुझंच. चार वर्षांचा होता, आमच्या दारात दोन्ही हात पसरून उभा राहायचा. कुणी जायला निघालं की चौकशी सुरू. कुठे चाललात, कशाला, परत कधी येणार. उत्तर मनासारखं नसेल तर हात खाली यायचे नाहीत. वहिनीला एकदा त्याने एवढं अडवलं की तिची बस चुकली. 'सांग आधी, मगच सोडतो.' आपण हसून हसून बेजार. तू म्हणालास, घरात फौजदार जन्माला आलाय. हल्ली ते चित्र सारखं माझ्या डोळ्यांपुढे येतं, आणि हसू येत नाही.

तुला मी अर्धंच सांगितलं होतं. बँडमधल्या एका मुलीशी वाजलं, तिने तक्रार केली, एवढंच. मला तरी सुरुवातीला एवढंच कळलं होतं. आता सगळं सांगते. शांतपणे वाच.

शाळेचे बँडचे सर तुला माहीत आहेत, गेल्या स्नेहसंमेलनात ज्यांच्या मिशांवरून तू वहिनीला काहीतरी म्हणालास ते. फार जीव लावणारा माणूस. त्यांची एक पद्धत आहे आणि शाळेला तिचं मोठं कौतुक. बँडमधल्या दोघांचं भांडण झालं की सर रागवत नाहीत, शिक्षा करत नाहीत. दोघांना आपापली वाद्यं घेऊन वाद्यांच्या खोलीत पाठवतात आणि म्हणतात, 'सूर जुळवून बाहेर या.' दोघांनी मिळून एकच स्वर लांबवर धरायचा. आधी बेसूर, मग थोडा कमी बेसूर, मग एकदम एक. तो एक झाला की सर बाहेरून दार उघडतात. बाहेरच्या पोरांचा गोंगाट आत जाऊ नये म्हणून दार लावलेलं. किती भांडणं त्या खोलीत मिटली असतील. मुलं आत तोंड फुगवून जायची आणि हसत बाहेर यायची, एकमेकांचं वाजवणं किती भयंकर आहे यावर.

ती मुलगी क्लॅरिनेट वाजवते. फौजदाराच्याच वर्षाची, दुसऱ्या तुकडीतली. अंगाने बारीक, चष्मा, वाजवायला लागली की भुवया वर. फौजदाराचं ट्रम्पेट तिच्या मागच्या रांगेत. तिचं म्हणणं असं की गेले कित्येक महिने तो मागून तिच्या शरीराविषयी बोलायचा. हळू, तिला एकटीलाच ऐकू जाईल असं. मग मोबाइलवर तसलेच मेसेज, दुसऱ्याच कुठल्या तरी नंबरावरून. तिने जागा बदलून मागितली, मिळाली नाही, कारण क्लॅरिनेट पुढेच बसतात. शेवटी ती सरांना म्हणाली, 'सर, हा मला त्रास देतो.' यापेक्षा जास्त तिला बोलता येईना. सरांना वाटलं, भांडण. दादा, सरांनी जे नेहमी केलं तेच केलं. दोघांना त्या खोलीत पाठवलं आणि दार लावलं.

आत काय झालं याबद्दल तिने लिहून दिलंय, आणि त्याची प्रत नियमाप्रमाणे मला आणि फौजदाराला मिळाली. मी सगळं इथे उतरवणार नाही, ते तिचं आहे. तुला कळायला हवं तेवढं सांगते. तो दाराला पाठ लावून उभा राहिला. तिचं मनगट धरलं आणि ती नको म्हणत असताना सोडलं नाही. तक्रार मागे घेतेस का, म्हणाला. आणि तिने सरांना हाक मारली की दुसऱ्या हाताने ट्रम्पेट तोंडाला लावून जोरात फुंकायचा.

आता मी तुला सांगितलं नव्हतं ते. मी तिथे होते. त्या दिवशी मी त्याला दातांच्या डॉक्टरांकडे न्यायला लवकर गेले होते आणि हॉलमध्ये, त्या दारापासून थोड्या अंतरावर, बाकावर बसले होते. सरांनी मला सांगितलंही, 'तुमचे चिरंजीव आत आहेत, सूर जुळवतायत.' मी ऐकत बसले. सवयच आहे ती. सूर जुळवायचा तर स्वर लांब धरतात. मला ऐकू येत होतं ते तसं नव्हतं. ट्रम्पेट एकदम यायचं, कर्कश, आणि तुटायचं. मग शांतता. मग पुन्हा एकदम. क्लॅरिनेट एकदाही वाजलं नाही. सर हसून म्हणाले, 'क्लॅरिनेटबाई रुसल्या वाटतं,' आणि आजूबाजूची मुलं हसली. मग सरांनी दार उघडलं. मुलगी बाहेर आली ती कुणाकडे न बघता सरळ चालत गेली. वाद्य आतच राहिलं होतं. फौजदार मागून आला आणि मला म्हणाला, 'चल ना आई, उशीर होतोय.'

तुझ्या डोक्यात आता काय आलं ते मला इथून दिसतंय. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. ट्रम्पेट तुटक वाजलं म्हणून काय झालं, पोरगं वैतागलं असेल. असेल. मीसुद्धा स्वतःला हेच सांगत होते, तक्रारीची प्रत हातात येईपर्यंत. तिला हे माहीत नव्हतं की मी बाहेर होते. आणि तिने तेच लिहिलंय जे मी ऐकलं.

तू म्हणालास, शाळेने राईचा पर्वत केलाय. मीही पहिल्या दिवशी मोठ्या बाईंकडे भांडायलाच गेले होते. माझ्या मुलाला आधीच गुन्हेगार ठरवलंत का, असं विचारायला. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. त्यांच्या शेजारी समितीतल्या बाहेरच्या बाई होत्या, मुलांच्या दवाखान्यात समुपदेशनाचं काम करणाऱ्या. शाळेशी त्यांचा काही संबंध नाही, आणि म्हणूनच त्यांना घेतलंय. त्या म्हणाल्या, 'ताई, तक्रार आली म्हणजे ती खरीच असं आम्ही धरत नाही. आणि सिद्ध झाली नाही तर ती खोटीच होती, असंही धरत नाही. आम्ही फक्त ऐकणार.' मी विचारलं, मग माझ्या मुलाला बँडमधून काढलंत का? तर नाही. दोघांच्या तालमीचे वार वेगळे केलेत, तिचे ठरलेले तसेच ठेवून याचे बदललेत. मी म्हटलं, म्हणजे बदल यालाच. मोठ्या बाई म्हणाल्या, 'हो. तक्रार करणाऱ्या मुलीलाच जागेवरून उठवलं, तर उद्या दुसरी कुणी बोलेल का?' वर्गात कुणाला काही सांगितलेलं नाही, ना तिचं नाव, ना याचं. मुलीला सगळं एकदाच सांगायला लावलं, तिच्या मावशीला शेजारी बसवून. याला उत्तराची तयारी करायला पुरेसा वेळ दिलाय, साक्षीला कुणाला बोलवायचं तर बोलाव म्हणून सांगितलंय. सरांना समितीवर घेतलेलं नाही, उलट त्यांनाही प्रश्न विचारलेत. सर त्यानंतर एक दिवस स्वतःच स्क्रू काढायचं हत्यार घेऊन आले आणि त्या दाराची कडी काढून टाकली. मग दार पूर्ण उघडून तिथेच खुर्ची टाकून बसले. मुलं म्हणतात, सर हल्ली विनोद करत नाहीत.

मी भांडायला गेले होते आणि उठताना मीच म्हटलं, त्या दिवशी मी हॉलमध्ये होते. बाहेरच्या बाईंनी वही पुढे ओढली नाही, डोळे मोठे केले नाहीत. एवढंच म्हणाल्या, 'जे ऐकलंत तेवढंच सांगा. त्याचा अर्थ तुम्ही लावू नका, आमच्यासाठीही नको आणि मुलासाठीही नको.' दादा, मी रोज हेच करते. पेशंट आत बसला की मी त्याच्याकडे बघत नाही. माझ्या चेहऱ्यावरून त्याला कळलं की आता आवाज सोडलाय, तर ऐकू न येताच तो बटण दाबतो, मला बरं वाटावं म्हणून. त्या बाईंचा चेहरा तसा होता. मला भीती वाटली, आणि विश्वासही. मी ऐकलं तेवढं सांगितलं. माझ्याच पोराच्या विरुद्ध जाईल असं, माझ्याच तोंडाने.

त्यांनी आणखी एक सांगितलं. घरी त्याला प्रश्न विचारून उत्तरं पाठ करून घेऊ नका. तो बोलला तर ऐका, आणि त्याच्याजवळ असा. दोषी ठरला तरी तो तुमचा मुलगा असणार आहे आणि आमचा विद्यार्थी. हे वाक्य मी रोज मनात म्हणते, औषधासारखं.

त्याच्याजवळ असणं किती कठीण आहे ते तुला कसं सांगू. तो समोर जेवत असतो आणि मी त्याच्या हातांकडे बघते. हे हात मी धरून त्याला रस्ता ओलांडायला शिकवलंय. अंगणात सायकलवरून पडला तेव्हा याच मनगटाला प्लॅस्टर होतं, त्यावर तू मिशीवाला पोलीस काढला होतास. मला भीती वाटते की त्याने हे केलंय. कधी वाटतं, केलं नसेल आणि जन्मभर डाग लागेल. आणि सगळ्यात जास्त भीती वाटते ती तिसऱ्याच गोष्टीची. ती आता सांगते, कारण तिच्यासाठीच कागद घेतलाय.

तक्रारीची प्रत आली त्या संध्याकाळी मी ती त्याच्यापुढे ठेवली. त्याने वाचली. मी काही विचारलं नाही, बघत राहिले. मला वाटलं, चिडेल, रडेल, खोटं आहे म्हणून ओरडेल. त्यातलं काहीही झालं असतं तरी मी त्याला जवळ घेतलं असतं. त्याने कागद नीट घडी करून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, 'मामा फोन करणार आहे ना?'

बस. एवढंच. आणि दूध तापवायला उठला.

तेव्हापासून तो निर्धास्त आहे. झोप लागते, जेवण जातं. निर्धास्त मुलाला बघून एवढं घाबरायला होतं हे मला माहीत नव्हतं. त्याने आपल्याकडे लहानपणापासून हेच पाहिलंय ना, काही अडलं की दादाला फोन, आणि ते अडलेलं सुटतं. त्याच्या दृष्टीने ती मुलगी म्हणजे एक अडलेलं काम आहे. आणि मला माहीत आहे की तू फोन करशील. समितीचा अहवाल जातो शाळेच्या मंडळाकडे, आणि मंडळावर तू आहेस. प्रवेशाच्या कागदांवर सही माझी आणि आडनावं वेगळी, त्यामुळे शाळेत हे कुणाच्या लक्षातही आलेलं नव्हतं. तू परवा म्हणालासच, 'झाकली मूठ सव्वा लाखाची, तू फक्त गप्प राहा, अहवाल माझ्यापुढेच येणार आहे.' तू प्रेमाने म्हणालास.

म्हणून आज मोठ्या बाईंचा फोन आला तेव्हा मी त्यांना सांगून टाकलं की तुमच्या मंडळातले ते माझे सख्खे भाऊ, या मुलाचे मामा. त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, 'बरं झालं सांगितलंत. त्यांनी या प्रकरणातून बाजूला राहायचं दोन ओळींत लिहून दिलं की झालं.' तुझ्या पाठीमागे केलं, तुला न विचारता केलं. आयुष्यात पहिल्यांदा. रागाव, बोलू नकोस महिनाभर, पण त्या दोन ओळी लिहून दे. आणि फोन करू नकोस. मोठ्या बाईंना नको, मंडळाच्या अध्यक्षांना नको, त्या मुलीच्या घरी तर नकोच नको. तुझ्या फोनने तो सुटेल, हे मला ठाऊक आहे. तेच तर भय आहे. ती मुलगी मग उरलेली वर्षं त्याच्या पुढच्या रांगेत बसून काढेल, किंवा वाद्य सोडून देईल. आणि हा, दादा, दारात हात पसरून उभाच राहील. आज शाळेच्या, उद्या आणखी कुणाच्या. त्याला चार वर्षांचा समजून हसायला तेव्हा कुणी नसेल.

दुपारी मोठ्या बाईंचा फोन ठेवला तेव्हा तो घरातच होता, जेवायला बसलेला. दवाखान्यात निघता निघता मी त्यालाही सांगितलं की मामा फोन करणार नाही. मामाने तसं ठरवलंय, असं सांगितलं. तुझं नाव पुढे केलं, कारण माझ्या शब्दाला तेवढं वजन नाही. त्याचा घास हातातच राहिला. पहिल्यांदाच मला त्याच्या चेहऱ्यावर भीती दिसली, माझ्यासारखी. मग म्हणाला, 'मग मला सगळं सांगावं लागेल.' सगळं म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. विचारायचं नाही असं त्या बाहेरच्या बाईंनी बजावलंय, आणि खरं सांगू, धीरही झाला नाही. ते तो गुरुवारी आत जाऊन सांगेल. मी बाहेर बाकावर बसेन, दार उघडलं की पहिली मीच दिसेन अशी. तोवर दोन दिवस आहेत. मी त्याला तुझ्या नावाने शब्द दिलाय, दादा. मला खोटी पाडू नकोस.

तुझीच,
भागूबाई